आण्णांनी दिलेलं उत्तर

आकाराम चौगुल्यांनी उभ्या जन्मात कुणाचं वाईट केलं नाही. केलं ते पोटच्या पोरीचं, आणि तेही तिच्या भल्यासाठी धडपडताना. आता ह्याला काय म्हणायचं, सांगा!

उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप. थोरली क्रांती कॉम्प्युटर इंजिनियर झाली आणि नोकरी बघायची सोडून राजारामपुरीत एक खोली भाड्यानं घेऊन बसली. वजनकाटा आणि फॅटचं मशीन कॉम्प्युटरला जोडायचं, की दूध घालणाऱ्याचं बिल आपोआप छापून बाहेर, असा प्रोग्रॅम तिनं लिहिला. गारगोटीपासून हातकणंगल्यापर्यंतच्या दूध संस्था तो वापरायला लागल्या. कोल्हापूरची पोरगी ती, 'मी जातो, मी करतो' असंच बोलायची आणि स्कूटर दामटत एकटी संस्था-संस्था फिरायची. आकारामांची छाती नुसती फुगायची. तोंडानं मात्र म्हणायचे, "वेळेवर जेवतीस का न्हाई?"

सन दोन हजार उजाडलं तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की पैसेवाले धावत येत होते. मुंबईच्या एका व्हेंचर कॅपिटल कंपनीच्या सबनीस बाईंनी क्रांतीला कळवलं, काम बघायला येते.

"हे कर्ज न्हवं, आण्णा," क्रांतीनं समजावलं. "त्या पैसा घालणार आणि कंपनीत हिस्सा घेणार. जमलं तर माझं काम महाराष्ट्रभर जाईल. न्हाई जमलं तर खोलीला कुलूप. पुढं ढकलायची ताकद न्हाई आता माझ्यात."

"मग बाईंना घरी आण."

"ऑफिसात बोलवलंय. मशीन तिथं हाय."

"पावणी गावात येऊन हाफिसातनं परत जाणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

क्रांती बापापुढं कधी हट्ट धरायची नाही. तिनं बाईंना घरचा पत्ता कळवला.

आकारामांना आयुष्यात बैठक ठाऊक होती ती एकच, सोयरिकीची. मग काय, त्यांनी तीच भरवली! घराला रंग दिला, सतरंज्या टाकल्या. मेव्हणे गुंडूमामा फेटा बांधून हजर झाले. बायकोनं, शेवंताबाईंनी, पोरीला साडी नेसवली आणि पोह्यांच्या बश्या तिच्या हातात दिल्या. शेजारच्या आक्कांनी तर खिडकीतनं विचारलंच, "मुलगा काय करतो म्हणायचा?"

सबनीस बाई आल्या. बिचाऱ्या साध्या होत्या, सतरंजीवर मांडी घालून बसल्या. पोहे छान झालेत म्हणाल्या.

"पोरीनंच केल्यात!" गुंडूमामा गरजले. पोहे शेवंताबाईंनी केले होते.

बाई हसल्या आणि क्रांतीकडं वळल्या. "ह्या कामाची सुरुवात कशी झाली?"

"लहानपणापास्नं हुशार हाय," आकाराम म्हणाले.

"संस्था पैसे वेळेवर देतात?"

"देत्यात की! माझ्या शब्दाला मान हाय जिल्ह्यात."

प्रत्येक प्रश्न पोरीला आणि प्रत्येक उत्तर बापाचं. आकारामांना वाटत होतं, आपण किल्ला लढवतोय. आणि खरंच, बैठकीत पोरीनं कशाला बोलावं? थोरली माणसं कशाला बसलीत मग?

शेवटी बाईंनी बशी खाली ठेवली. "आम्ही पैसा घालतो तो माणसावर. पाच-सात वर्षांनी ही कंपनी कोण चालवत असेल?"

बाईला लग्नाची धास्ती पडलीय, पोरगी उडून जाईल म्हणून हात आखडता घेतीय, असं आकारामांनी मनाशी ठरवूनच टाकलं. आता धीर द्यायचा तो बापानंच.

"त्याचा घोर तुमी करूच नगा बाई," ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "पोरगी काय, आज ना उद्या सासरी जाणारच. पण माझा पृथ्वीराज हाय की! सगळं त्याच्या नावावर करून देतो. तुमचा पैसा कुठं जात न्हाई."

पृथ्वीराज! क्रांतीचा धाकटा भाऊ, बारावीला गटांगळ्या खाणारा, कॉम्प्युटरवर पत्ते खेळण्यापलीकडं काही न येणारा पृथ्वीराज!

बाईंनी क्रांतीला हलकेच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

क्रांती काहीच बोलली नाही. बाई थोडा वेळ थांबल्या, मग घड्याळ बघून उठल्या. त्यांना वाटेला लावून आलेले आकाराम जिंकल्यासारखे म्हणाले, "झालं म्हणून समज!"

आठवड्यात नकार आला. काम चांगलं आहे, पण पुढं कोण सांभाळणार हे आम्हाला कळलं नाही, एवढंच. तोवर कॉम्प्युटर कंपन्यांचा शेअर बाजार कोसळला आणि दुसरं कुणी कोल्हापूरकडं फिरकलंच नाही. खोलीला कुलूप लागलं. क्रांती पुण्याला नोकरीला गेली. लग्न तिनं केलंच नाही.

चूक कळायला आकारामांना काही वर्षं लागली, आणि कळल्यावर अन्न गोड लागेना. दिवाळीला क्रांती आली तेव्हा त्यांनी धीर करून विषय काढला.

"चुकलं माझं, पोरी. पण तू तरी बोलायचंस की! बाई तुलाच विचारत हुत्या. शिव्या घालायच्यास मला, पण बोलायचंस. खाली मान घालून का बसलीस?"

क्रांती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"खाली कुठं, आण्णा? मी तुमच्याकडं बघत हुतो," ती म्हणाली. "तुम्ही एकदा 'बोल की' म्हणाल म्हणून वाट बघत बसलो हुतो."

आकाराम आठवायला लागले. त्यांना बाईंचा चेहरा आठवला, गुंडूमामांचा फेटा आठवला. पोरीचा चेहरा काही केल्या आठवेना. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडं बघितलंच नव्हतं.