तोंडानं काही देऊ नका

रोशनने खाटेखालून लघवीचं भांडं काढलं, मान वर केली आणि वॉर्डाच्या दारात त्याला गावचा चुन्नीलाल दिसला. चुन्नीलालच्या मागे गावातली दोन माणसं होती आणि सगळ्यांत मागे, चप्पल बाहेर काढावी की नाही या विचारात अडकलेले रोशनचे बाबा. रोशन भरलं भांडं घेऊन तसाच कोपऱ्यातल्या हिरव्या पडद्यामागे शिरला.

भांडं सांडू नये म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. वास मास्कमधूनही येत होता. तो घाबरला होता.

सकाळीच बाबांचा फोन येऊन गेला होता.

"चुन्नीलालनं गाडी केली. नंदलालले पाहाले येऊन राहिलो आमी. मी नाही म्हनलो तर म्हनते, तुया पोट्टा तिथं डाक्टर आहे, तूच पुढं पायजे. आज तू दिसू नोको बाप्पा. सुट्टी टाक."

सुट्टी मिळाली नव्हती.

तसा रोशनचा बाप उदेभान खोटं बोलणारा माणूस नव्हता. पण पोरगा नर्सिंगला आहे, हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. सौंदडच्या स्टेशनावर कोणीतरी विचारलं तेव्हा तो "डाक्टरीच्या लाइनीत" एवढंच म्हणाला. गावात पोहोचेपर्यंत लाइन गळून पडली आणि डाक्टर उरला. मग लोक उदेभानला चावडीवर सरकून जागा देऊ लागले, लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवू लागले. रोशनही काही कमी नव्हता. सुट्टीत घरी गेला की म्हातारे त्याला जीभ बाहेर काढून दाखवत आणि तो ती गंभीरपणे पाहत असे.

कॉलेजात मॅडमनी माणसाच्या गरजा पायऱ्या काढून शिकवल्या होत्या. आधी हवा, पाणी, अन्न. मग सुरक्षितता, मग आपलेपणा, आणि त्याच्याही वर मान. रोशनला हे सगळं तोंडपाठ होतं. खालच्या पायऱ्या सोडून माणूस मानासाठी कसा उडी मारतो, हे मात्र त्याला घरीच शिकायला मिळालं.

आणि आता नेमका नंदलाल या वॉर्डात आला होता. नंदलालचं गावात किराणा दुकान. त्याच्या दुकानात सकाळी निघालेली गोष्ट दुपारपर्यंत कालव्याच्या पलीकडची गावं फिरून येई. त्याला लकवा मारला, उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. घास गिळता येत नव्हता म्हणून नाकातून नळी घातली होती. जीभ बंद झाली असली तरी डोळे शाबूत होते. त्या डोळ्यांसमोर जायला नको म्हणून रोशनने सोबत शिकणाऱ्या नीतूशी अदलाबदल केली होती. नंदलालची खाट तिने घ्यायची, तिच्या दोन खाटा याने.

आज नीतू दुसऱ्या वॉर्डात होती. सकाळीच सिस्टर म्हणाल्या होत्या, "रोशन, त्या लकव्याच्या पेशंटच्या बाईला नीट समजावून सांग. तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"हो सिस्टर," असं म्हणून तो खाटेच्या पायथ्यापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात नंदलालची बायको जमुनाबाई मान वळवू लागली आणि तो मागे फिरला. बेसिनपाशी जाऊन त्याने स्वच्छ हात पुन्हा धुतले. नंतर सांगू, असं स्वतःला सांगितलं.

आता पडद्याच्या फटीतून त्याला दिसत होतं. चुन्नीलालने स्टीलचा डबा उघडला.

"पेज आनली, वहिनी. नव्या तांदळाची."

"याइले तर नळीतून देऊन राहिले," जमुनाबाई म्हणाली.

"नळीनं कोनाचं पोट भरते? तोंडाले चव नोको का?"

जमुनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "मी जेवाले बसली का माया हाताकडंच पाहत राहतेत," असं म्हणून तिने डब्यात चमचा घातला.

देऊ नका. एवढंच बोलायचं होतं. पडद्यामागूनही ऐकू गेलं असतं. रोशनने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. तेवढ्यात बाबांचं लक्ष पडद्याखाली गेलं. तिथे रोशनचे पांढरे बूट दिसत होते. बाबा हळूच दोन पावलं सरकले आणि बुटांसमोर पाठ करून उभे राहिले.

पहिला चमचा ओठाच्या कोपऱ्यातून गळून गेला. दुसरा आत गेला. तिसऱ्याला नंदलाल खोकला, पुन्हा खोकला, आणि मग खोकला थांबला.

"गेली पोटात," चुन्नीलाल समाधानाने म्हणाला.

खोकला थांबला म्हणजे पेज श्वासनळीत अडकली, हे त्या सगळ्यांत फक्त रोशनला कळलं. त्याच्या हातातून भांडं निसटलं, लघवी बुटांवरून वाहिली. बाबांना खांद्याने बाजूला सारून तो खाटेपाशी पोहोचला तेव्हा नंदलालचे ओठ निळे पडू लागले होते.

"बाजूला व्हा. सिस्टर, सक्शन!"

त्याने नंदलालला कुशीवर वळवलं, हातमोजे चढवले, बोटाला गॉज गुंडाळून तोंडातली पेज ओरबाडून काढली. सिस्टर मशीन ओढत आल्या. रोशनने तिची नळी घशात घातली, मशीन घरघरू लागली. नळीतून पांढरं पाणी येत राहिलं आणि नंदलालची छाती काही हलेना. रोशन रडायच्या बेतात होता. मी मारलं याला, एवढंच त्याच्या मनात होतं.

मग नंदलालने श्वास घेतला. मोठा, चिरका. पाठोपाठ ओकला आणि अंथरूणही घाण केलं.

"तोंडानं कोणी दिलं?" सिस्टर जमुनाबाईवर खेकसल्या. "सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

जमुनाबाईने चमचा डब्यात टाकला आणि डबा पाठीमागे धरला.

"मीच सांगितलं नाही, सिस्टर," रोशन म्हणाला.

सिस्टरनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "ते मग बघते. डॉक्टरांना घेऊन येते. तू याला साफ कर, चादर बदल."

त्या गेल्या. गावची माणसं भिंतीला चिकटून उभी होती. रोशन ओल्या कापडाने नंदलालच्या मांड्या पुसू लागला. चुन्नीलाल वाकून त्याच्या मास्कवरच्या डोळ्यांकडे पाहत होता.

"उदेभान, हा तुया रोशन तर नाही?"

उदेभानने गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"नाही जी," तो म्हणाला. "त्याच्यावानी दिसते. रोशन डाक्टर आहे."

रोशनचा हात थांबला. त्याने घाण झालेले हातमोजे काढून बादलीत टाकले, मास्क हनुवटीखाली ओढला. भीती गेली नव्हती.

"बाबा," तो म्हणाला, "इकडं या. एकट्यानं चादर निघत नाही."

चुन्नीलालने मान दुसरीकडे फिरवली. उदेभान जागचा हलला नाही, मग हलला. खाटेच्या पलीकडे येऊन त्याने चादरीचं टोक धरलं आणि सरळ ओढलं.

"तसं नोका ओढू. अंग सोलून निघंन त्याइचं," रोशन म्हणाला. "आधी गुंडाळत आनायची. माया हाताकडं पाहा."

उदेभान पाहू लागला.