बोंडूचा घास

डॉक्टरांनी बोंडूचा एक्स-रे उजेडात धरला आणि कण्यातली एक जागा पेनाच्या टोकाने दाखवली. डॅशहंड ही कुत्र्यांची जात बिळात शिरून शिकार करण्यासाठी घडवलेली. पाय आखूड, पाठ लांब, आणि मणक्यांमधल्या गाद्या तरुणपणीच कडक होऊ लागतात. या वेळी तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवल्यावर मागच्या पायांत जीव परत आला होता. पुढच्या वेळी येईलच असं नाही, असं ते म्हणाले. जातीला इलाज नव्हता, वजनाला होता. तेरा किलो दोनशे ग्रॅमवरून दहा किलोंवर यायचं होतं.

गौरवी डिचोलीला खनिजाचे नमुने तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कारापूरला घरी पोचताच तिने ओट्यावर काटा मांडला. उकडलेली कोंबडी, दुधी आणि थोडा भात, सगळं तोलून, दिवसातून दोनदा. बिस्किटांचा डबा तिने शेजारच्या शेवंतीला देऊन टाकला. महिनाभराने बोंडू तेरा किलो तीनशे भरला.

तिने तीनदा वजन केलं. काटा बरोबर होता. म्हणजे कुठून तरी जास्तीचं आत जात होतं.

रविवारी दुपारी तिचे सासरे, कृष्णनाथमामा, जेवायला बसले. मामांनी नेहमीप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवलं, तूपभाताचा पहिला घास काढला, दारातल्या बोंडूला घातला आणि मग जेवायला लागले. रानडुकरांपासून शेत राखणारी गावठी कुत्री रात्रभर धावायची, तेव्हापासूनची त्या घराची ही रीत. लग्न होऊन आल्यापासून गौरवी हे रोज पाहत होती, आणि म्हणूनच तिला ते दिसलं नव्हतं.

संध्याकाळी तिने वाटी पुढे केली आणि घास आधी तिच्यात घालायला सांगितलं. नव्वद ग्रॅम. दिवसाला असे दोन.

"घास कोण मोजता गो?" मामा म्हणाले. "उद्या देवाचो निवेद मोजशीत."

तिने एक्स-रे आणून त्यांच्यापुढे धरला आणि डॉक्टरांनी दाखवलेली जागा दाखवली. मामांनी तो हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी तो बाजूला ठेवला.

"तेणा खाल्ल्याबगर मी जेवूचंय नाय."

"नका जेवू. पण पाय गेले तर तो घासापर्यंतही यायचा नाही, मामा. उद्यापासून घास दुधीचा."

मामांनी मान हलवली. घास आपल्या ताटातलाच हवा. आपण तूपभात खायचा आणि मुक्या जनावराला अळणी दुधी घालायचा, हे त्यांना पटेना. दुसऱ्या दिवशी गौरवीने त्यांच्या ताटात, लोणच्याच्या शेजारी, बिनमिठाचा उकडलेला दुधी वाढला. तोललेला. बोंडूच्या भांड्यातून तेवढाच कमी केलेला.

मामांनी आधी एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"ह्यां खाता तो?"

"भांडं चाटून."

"बिचारो," मामा म्हणाले, आणि उरलेल्या फोडींचा घास करून त्यांनी बोंडूला घातला. बोंडूने तो एका दमात गिळला आणि वर पाहिलं. मामांनी हात पुसले, रिकामे पंजे त्याला दाखवले आणि जेवायला लागले.

पुढे रोज तेच. सणाचं जेवण असो की सोमवार, मामांच्या ताटात दुधी असायचाच, आणि त्यातली एक फोड ते न चुकता चाखायचे. त्यांच्या माहेरवाशीण बहिणीने भावाला काय दुखणं झालंय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे कण्याचं म्हणून सांगितलं.

दोन महिन्यांनी बोंडू बारा किलो भरला. डॉक्टर खूश झाले, पण अजून दोन किलो हवेत म्हणाले. ती घरी परतली तेव्हा मामा फाटकातच उभे होते. तिने आकडा सांगितला.

"मगे घास बारको करूया?"

"नाही," गौरवी म्हणाली. "घास तेवढाच राहू दे. भांड्यातला भात मी काढते."

तिने बोंडूला दोन्ही हातांनी, पाठ सरळ धरून, पायऱ्यांवरून वर नेलं.