तिन्ही बातम्यांत नसलेला शब्द

मित्रांनो, वय विचारू नका. पाठीवरचं फाटलेलं कापड बघून ओळखा. मी एक जुना अरबी शब्दकोश, मुक्काम साउथहॅम्प्टन. मला उजवीकडून उघडतात. इथल्या पाहुण्यांना वाटतं, मला उलटं छापलंय. वाटू दे बापडे!

माझा जन्म बैरूतच्या छापखान्यात झाला. डॉक्टर यशोधन आखातातल्या इस्पितळात नोकरीला होते, तेव्हा पेशंटचं दुखणं कळावं म्हणून त्यांनी मला विकत घेतलं. पुढे ते इथल्या हॉस्पिटलमध्ये आले आणि त्यांच्या बॅगेतून मीही आलो. त्यांची मुलगी देविका माझ्या पानांवर कोपरं टेकून अरबी शिकली. "बाबा, हा डिक्शनरी मॅजिक आहे!" असं म्हणायची. हा-ही तिला आजही जमत नाही, पण कौतुक खरं होतं.

जादू आहेच हो! माझ्याकडे शब्द घराण्यांनी राहतात. तीन अक्षरांचं मूळ आणि त्याखाली अख्खा गोतावळा. क-त-ब उघडा: पुस्तक, लेखक, कचेरी, वाचनालय, सगळे एका छपराखाली. तुमच्या घरातले खराब, वकील, तारीख हेसुद्धा मूळचे माझ्याकडचेच. इतकी वर्षं झाली, तरी कोणी पानं उलटली की मी स्वतःच थक्क होतो.

मग स्मार्टफोन आले. देविका अनुवादक झाली, दिवसभर अरबी बातम्यांच्या वेबसाइट वाचू लागली आणि मी गेलो राउटरखाली. उंची बरोबर होती म्हणे! चार वर्षं ती गरम पेटी डोक्यावर घेऊन बसलो. खूप वाईट वाटायचं.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर शनिवारी लायब्ररीत देशात नव्याने आलेल्यांना इंग्रजी बोलायला शिकवायचे. तिथून त्यांनी एकदा इद्रिसला घरी आणलं. त्याच्या देशात मोर्च्यावर गोळीबार झाला होता. त्यात त्याचा भाऊ गेला आणि मग पोलीस त्यालाही शोधू लागले. इथे राहू द्यावं म्हणून त्याने अर्ज केला होता. अर्ज फेटाळला तर परत जायचं, म्हणजे सरळ तुरुंगात. सुनावणीसाठी त्याला तीन वेबसाइटवरच्या बातम्यांचा इंग्रजी अनुवाद हवा होता.

देविकाने तो केला आणि किचनच्या टेबलाशी बसून त्याला अरबीत समजावून सांगितला. इद्रिसने ते कागद तिच्याकडे परत सरकवले. मग म्हणाला, "बहिणी, तुझ्या कागदात माझ्या भावाचा कोणीच द्वेष करत नाही. मग मला घरी जायची भीती कसली?"

झालं होतं असं. सरकारच्या बाजूच्या साइटने भावाला 'मुखर्रिब' म्हटलं होतं, म्हणजे विध्वंस करणारा. विरोधकांच्या साइटने 'शहीद'. तिसरीने नुसतं 'एक इसम'. आणि आमच्या बाईसाहेबांनी तिन्हीकडे लिहिलं होतं, 'निधन पावलेला तरुण'.

"बाबा, तुम्हीच शिकवलं ना, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नाही?"

"अगं, ते कुणाच्या घरी सांत्वनाला जातो तेव्हाचं. हा एव्हिडन्स आहे, राणी. तो वाईट शब्दच तर त्याचा पुरावा आहे."

देविकाचा चेहरा उतरला. तिने राउटर बाजूला सारला आणि मला ओढून काढलं.

"वायफाय गेला, बाबा."

"जाऊ दे गं!"

तिने ख-र-ब उघडलं. शेजारचे शब्द ती मोठ्याने वाचू लागली: पडक्या भिंती, ओसाड जागा, मोडतोड. एका शिक्क्यासरशी माणूस कुठल्या वस्तीत टाकला होता, ते सगळ्यांना दिसलं. सरकारच्या बाजूच्या त्याच साइटने गोळीबारात मेलेल्या पोलिसाला मात्र 'शहीद' म्हटलं होतं. एक रस्ता, एक दुपार, आणि शब्द बदलला की देशच बदलतो! मी जन्मभर शब्द सांभाळले, पण बाहेर जाऊन ते काय काय करतात, हे मला त्या दिवशी कळलं.

देविकाने सगळं पुन्हा लिहिलं. ज्याचा शब्द त्याच्या तोंडी, जसाच्या तसा, आणि खाली टीप. सुनावणीत न्यायाधीशांनी त्या एकाच शब्दावर कितीतरी प्रश्न विचारले. सहा आठवड्यांनी पत्र आलं. इद्रिसला राहायची परवानगी मिळाली होती. डॉक्टर माझ्या पाठीवर थाप देऊन म्हणाले, "शाब्बास रे!"

त्या शनिवारी इद्रिस आला. आधी त्याने हात धुतले, मग मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, हा ख-र-बच काढणार. पण त्याने दुसरंच घराणं उघडलं. त्यात ज्ञान राहतं, जग राहतं, आणि 'मुअल्लिम' राहतो, म्हणजे शिक्षक.

"माझा भाऊ शाळेत गणित शिकवायचा," तो म्हणाला. "तीन बातम्या आल्या. एकीनेही हे लिहिलं नाही."

देविकाने डोळे पुसले. त्याने खिशातून भावाचा एक छोटा फोटो काढला, त्या पानावर ठेवला आणि मला तसंच मिटलं.

मित्रांनो, मला राउटरखाली ठेवू नका, एवढंच मी मागणार होतो. आता आणखी एक मागतो. बातमी वाचाल तेव्हा तिच्यातला शब्द कोणी निवडला ते बघा, आणि कोणता शब्द लिहिलाच नाही तेही विचारा. मी हल्ली मधोमध जरा फुगलोय, नीट मिटत नाही. तिथे एक शिक्षक आहेत. सावकाश उघडा.