आठ दिवसांपासून

विमा कंपनीच्या क्लेम खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? तारीखमास्तर. बिल कितीचं, ऑपरेशन कुठे झालं, रोगी आहे की गेला, हे सगळं ते मागाहून बघायचे. आधी शोधायचे डॉक्टरच्या पहिल्या चिठ्ठीवरची एक ओळ. दुखणं सुरू कधी झालं? डॉक्टर सहज विचारतो, "किती दिवसांपासून होतंय?" आणि माणूस बिचारा भोळा, तोही सहज सांगून मोकळा होतो, "असेल वर्षभर." झालं! पॉलिसी दहा महिन्यांची आणि दुखणं वर्षाचं. मास्तर त्या ओळीखाली लाल रेघ मारायचे आणि फाईल डावीकडच्या ढिगात टाकायचे. डावीकडचा ढीग म्हणजे नामंजूर.

त्यांना वाईट वाटायचं का? छे हो! उलट घरी जेवताना ते बायकोला हे किस्से रंगवून सांगायचे. "आज एक लेथवाला आला होता. डॉक्टरला म्हणे दोन वर्षांपासून छातीत चमक येते! अरे बाबा, दोन वर्षं सोसलंस ना, मग चिठ्ठी लिहून होईपर्यंत तोंड मिटायला काय झालं होतं?" त्या लेथवाल्याने बिलापायी घर विकलं आणि मग कितीतरी दिवस तो ऑफिसच्या पायऱ्यांवर येऊन नुसता बसायचा. तेही मास्तरांनी जेवतानाच सांगितलं. बायको घरी शिवणकाम करायची, माणूस मोजक्या शब्दांची. तिने एवढंच विचारलं, "मग तो आता राहतो कुठे?" मास्तरांना ते माहीत नव्हतं.

तर असा हा माणूस पासष्टीला निवृत्त झाला. निवृत्तीच्या दिवशी कंपनीचा विमा संपला आणि म्हातारपणीचा सरकारी विमा दोघांनाही लागू झाला. सरकारी विमा चांगलाच असतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. शंभरातले ऐंशी सरकार देतं. उरलेले वीस आपले. आता वीस म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. खोकल्याच्या बिलाचे वीस टक्के खिशातल्या चिल्लरीतही भागतात. पण मोठं दुखणं आलं, बिल पन्नास लाखांवर गेलं, तर त्याचे वीस टक्के दहा लाख होतात आणि त्याला वर मर्यादा नाही. बिल जितकं वाढेल तितके तुमचे वीस वाढत जातात. म्हणून लोक वर एक पूरक पॉलिसी घेतात, ती हे वीस भरते. पासष्टीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ती घेतली तर कंपनी तब्येतीचा एक प्रश्नही विचारू शकत नाही. जसे आहात तसे घेते.

हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. पाठ होतं म्हणूनच घात झाला. दुसरा कुणी असता तर समोर आली ती पॉलिसी घेऊन मोकळा झाला असता. मास्तरांनी नऊ कंपन्यांचा तक्ता मांडला. हिचा हप्ता आज कमी पण वयाबरोबर चढतो, तिचा चढत नाही पण दवाखाने थोडे, तिसरीचा दर म्हणे वर्षअखेर उतरणार आहे. ऐन खरेदीला आले की म्हणायचे, "थांब गं, घाई कशाला? आपण काय आजारी आहोत?" अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! सहा महिने गेले. आणखी पाच गेले. आता पॉलिसी मिळणार होती, पण प्रश्नांची उत्तरं देऊन. शिवाय पहिले सहा महिने वेटिंग. त्या सहा महिन्यांत किंवा त्याआधी सुरू झालेल्या कुठल्याही दुखण्याला ती दमडीही देणार नव्हती.

शेवटी एका सकाळी फॉर्म भरायला बसले. शेवटचा प्रश्न होता, गेल्या वर्षभरात कोणत्याही तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेला होतात का?

"नाही ना गेलीस?" मास्तरांनी पेन टेकवत विचारलं.

"गेले नाही," बायको म्हणाली. मग मशीनवरचं कापड बाजूला सारून तिने उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "पण अहो, इथे दुखतंय. महिना झाला. आधी वाटलं वाकून वाकून दुखत असेल. पण रविवारीसुद्धा दुखतं."

मास्तरांचं पेन जागच्या जागी थांबलं. त्या घडीला त्यांनी पेन ठेवून तिला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण चौतीस वर्षांची सवय आधी बोलली.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. तुम्हालाच."

"मग झालं तर. मी म्हणजे काही डॉक्टर नव्हे. कागदावर नाही ते नाहीच." आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली. "सहा महिने तेवढे काढ. गॅसचं असेल, जाईल आपोआप. नाही गेलं तर सहा महिने झाल्यावर जाऊ आणि सांगू, आठ दिवसांपासून दुखतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने मान डोलावली. एवढ्या मोठ्या कंपनीत साहेब लोक ज्यांना विचारून सह्या करायचे, त्यांना कळत असणारच.

दुखणं गेलं नाही. ते काही फॉर्म वाचून आलेलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तिने आपले कपडे आत घ्यायला सुरुवात केली. आधी बोटभर, मग दोन बोटं. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "काकू, बारीक झालात की! काय करता, सांगा तरी." ती हसून म्हणायची, "जिने चढते." मास्तर आतल्या खोलीतून हे ऐकायचे आणि वर्तमानपत्राची तीच ओळ पुन्हा वाचायचे. परगावी राहणारी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज असा का येतोय गं? बाबा, हिला दाखवून आणा ना." मास्तर म्हणाले, "अगं, लाइन खराब आहे."

आणि तालीम चालायची. बाई जन्मात खोटं बोललेली नाही. गिऱ्हाइकाचं उरलेलं वीतभर कापडसुद्धा घडी करून परत देणारी. मास्तर डॉक्टर होऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे.

"बोला काकू, काय होतंय?"

"इथे दुखतंय."

"किती दिवसांपासून?"

"असेल चार महिने."

"अगं देवा! आठ दिवस! आठ!"

"अहो, पण तोंडातून खरंच येतं."

"खरंच बोलायचं असतं तर तालीम कशाला हवी होती?"

दोघंही हसायची. मग हसता हसता तिला कळ यायची, ती टेबलाची कड धरायची आणि मास्तर पाणी आणायला उठायचे.

एका दुपारी कळ आली ती जाईना. ती मशीनवर डोकं टेकून बसली, कपाळावर घाम. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "चल, ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ. खड्ड्यात गेली ती पॉलिसी!"

"किती दिवस राहिले?" तिने मान न उचलता विचारलं.

"एकोणचाळीस."

"म्हणजे एकशे एक्केचाळीस काढले. ते पाण्यात घालू? बसा तुम्ही. थांबेल."

अर्ध्या तासाने थांबलं. मास्तर मनातल्या मनात हुश्श म्हणाले. आणि मग त्या हुश्शचीच त्यांना इतकी लाज वाटली की त्या संध्याकाळी त्यांना बायकोकडे बघवेना.

सहा महिने पुरे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्यात पोचली. बाहेर बाकांवर चौदा माणसं. आतली डॉक्टर वयाने त्यांच्या मुलीएवढी, बोलायला गोड, पण एक डोळा घड्याळावर.

"बोला काकू, काय होतंय?"

"इथे दुखतंय."

"किती दिवसांपासून?"

मास्तरांनी श्वास रोखून धरला.

"आठ दिवसांपासून," बायको म्हणाली. अडखळली नाही, वर पाहिलं नाही की खाली पाहिलं नाही. "गेल्या मंगळवारी सुरू झालं."

मंगळवार तर तालमीत नव्हताच! तो तिने पदरचा घातला होता. मास्तर चाटच पडले.

डॉक्टरने लिहून घेतलं. झोपवून पोट दाबून पाहिलं. सुई बोटात आरपार गेली तरी 'आई गं' न म्हणणारी बाई ती, तिने हूं की चूं केलं नाही. "वजन कमी झालंय का?" "मुद्दाम केलंय. जिने चढते." डॉक्टर खूश झाली. म्हणाली, "छान! या वयात असं मनावर घेणारे फार थोडे. हे बघा, आठच दिवस झालेत, पित्ताचं असणार. गोळ्या देते. महिना-दोन महिन्यांचं दुखणं असतं ना, तर मी आजच्या आज स्कॅनला पाठवलं असतं. सहा आठवड्यांनी या, तोवर बरं वाटेलच."

मास्तरांच्या कानात एकच वाक्य राहिलं. आजच्या आज. सहा महिने ते ज्या कागदाची काळजी वाहत होते, तो कागद डॉक्टरही वाचते आणि वाचून ठरवते, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांच्या टेबलावर कागद यायचे ते सगळं आटोपल्यावरचे.

"सात महिने," ते म्हणाले.

"काय काका?"

"सात महिने झालेत हिला. आठ दिवस नव्हे. फॉर्म भरला त्याआधी महिनाभर आणि त्यानंतर एकशे एक्क्याऐंशी दिवस. पहिली मोठी कळ एकशे एक्केचाळिसाव्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. अर्धा तास टिकली. लिहा तुम्ही. खोडा ते आठ."

बोलताना त्यांचा आवाज चढला होता. डॉक्टरने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मग काकूंकडे पाहिलं.

बायको शांतपणे हसली. "यांचं मनावर घेऊ नका हो. जन्मभर तारखाच बघितल्या, आता रिटायर झालेत तर दिसेल तिथे तारखा दिसतात. परवा मुलीच्या फोनचेही दिवस मोजत होते."

"अगं, काय बोलतेस तू हे!"

"काका, बसा," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाली. लहान मुलाशी बोलतात तसं. "काळजी वाटणारच. पण दुखणं ज्याचं त्यालाच कळतं ना? काकू, नक्की काय लिहू?"

"आठ दिवस. पोट माझं आहे, मला ठाऊक."

डॉक्टरने आठखाली रेघ मारली आणि चिठ्ठी फाडून हातात दिली. वर म्हणाली, "पुढच्या वेळी काकांनाही एकदा तपासू." मग घंटी वाजवली आणि पुढचं माणूस आत आलं.

बाहेर येऊन ती भिंतीलगतच्या बाकावर बसली. चेहरा पांढराफटक. कळ आत असतानाच आलेली असणार, आता ती मोकळेपणी वाकली. जरा वेळाने म्हणाली, "जमलं की नाही? तुम्हीच उगाच घोळ घातलात."

"चल आत. पाया पडतो तुझ्या. खरं सांग तिला. आजच्या आज स्कॅन करते म्हणाली ती."

"काय सांगू? मघाशी खोटं बोलले म्हणून? मग ती आठ खोडून वर सात महिने लिहील. असा खाडाखोड केलेला कागद तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. असा कागद ते डावीकडच्या ढिगातही टाकत नसत. असा कागद सरळ वर जायचा, फसवणूक म्हणून, आणि अख्खी पॉलिसी रद्द होऊन यायची.

"बोला ना."

"मला नको ती पॉलिसी. घर विकू आपण. मला तू हवीस गं."

"आणि मी वाचले नाही तर?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "घरही गेलं आणि मीही गेले, तर तुम्ही राहणार कुठे? चौतीस वर्षं जेवताना मला हेच ऐकवलंत. कोण कसा बुडाला, कुणाचं घर गेलं, कोण पायऱ्यांवर येऊन बसला. तुम्ही हसायचात. मला घास उतरायचा नाही. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्यापायी तुमच्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही."

"अगं, त्या नुसत्या गोष्टी होत्या."

"नुसत्या कशा? खऱ्याच होत्या की."

मास्तर उठले आणि आतल्या दाराकडे गेले. दारावरच्या बाईने हात आडवा धरला. "काका, आत पेशंट आहे. तुमचं झालं ना आत्ताच?" ते म्हणाले, फक्त एक तारीख बदलायची आहे. ती म्हणाली, "तारीख ना? द्या इकडे, मी बदलते. सहा आठवड्यांऐवजी कधीची हवी?"

"आजची," मास्तर म्हणाले.

तिने चिठ्ठी घेतली, डॉक्टरचं अक्षर वाचलं आणि परत दिली. "आजची कशाला? आठच दिवस तर झालेत, काका."