छत्रू सापडला होता

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पुंजाराम पगारे यांनी सव्वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली, आणि या सव्वीस वर्षांत दिव्याकडे पाहिल्याशिवाय त्यांनी कशालाही हात लावला नाही. पॅनलवर लाल दिवा असला की यंत्र चालू, अंगात वीज. हिरवा असला की बंद, बिनधोक. रस्त्यावर लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे चला; केंद्राच्या आत त्याच्या उलट. नवीन पोरं कामावर आली की पगारे पहिल्या दिवशी हेच शिकवत.

"सिग्नलची अक्कल गेटवर ठेवून यायची," ते म्हणत. "इथं हिरवा दिसला तरच हात घालायचा. लाल असताना घातला, तर तुमच्या आईला मी काय सांगू?"

त्यांची मुलगी रोहिणी अठरा वर्षांची होती आणि आजारी होती. आजार रक्ताचा होता. वर्षभर दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना असं चाललं होतं. कॉलेज सुटलं, मैत्रिणींचं येणं कमी झालं, तेव्हा मुंबईच्या आत्येभावाने, अमितने, त्याचं जुनं गेमचं मशीन तिला आणून दिलं. सोबत एकच सीडी होती. त्या खेळात तलवार घेतलेला एक जपानी पोरगा सात दुनिया फिरतो, आणि प्रत्येक दुनियेत त्याला टीव्हीवरच्या कार्टूनमधली मंडळी भेटतात. भांडण नुसतं नाही. कोणाशी बोलायचं, कोणाला सोबत घ्यायचं, कोणाला काय द्यायचं हे सगळं आपण ठरवायचं. चाळीस-पन्नास तासांचा खेळ.

पहिल्याच दिवशी रोहिणी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "मम्मी, यात छत्रू आहे!"

छत्रू म्हणजे छत्रीवाला कासव. ती पाच-सहा वर्षांची असताना दर रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचा. पुंजाराम नाइट शिफ्ट करून आलेले असायचे, डोळे चुरचुरत असायचे, पण लेक मांडीवर येऊन बसली की झोपायची सोय नसे.

"पप्पा, छत्रूला छत्री कशाला लागते? त्याच्या पाठीवर तर घर आहे."

"घर गळत असेल," पुंजाराम म्हणायचे. त्यांच्या क्वार्टरचं छप्पर तेव्हा गळत होतं.

आता खेळात हा छत्रू सुरुवातीलाच हरवतो, आणि त्याला शोधणं हेच त्या तलवारवाल्या पोराचं काम. अडचण एकच होती. खेळ जिथवर आला तिथून पुढे चालू ठेवायचा, तर मशीनमध्ये एक छोटं कार्ड लागतं. ते अमितकडून हरवलं होतं. कार्ड नाही म्हणजे मशीन बंद केलं की सगळं पुसलं, पुन्हा पहिल्यापासून.

त्यावर रोहिणीनेच उपाय काढला. मशीन बंदच करायचं नाही. २००६ चा एप्रिल होता. नाशकात भारनियमनाने लोक रडकुंडीला आले होते. रोहिणीच्या आईचा, सुलाबाईंचा, भाऊ सिन्नरहून आला की आधी मोबाइल चार्जिंगला लावायचा आणि मग जय भीम घालायचा. पण केंद्राच्या कॉलनीत वीज जात नसे. रोहिणी खेळून दमली की टीव्ही बंद करायची, मशीन तसंच चालू. ते तापू नये म्हणून बंटीने, तिच्या धाकट्या भावाने, त्याच्यासमोर टेबलफॅन ठेवला. धूळ नको म्हणून सुलाबाईंनी पुढून भरतकामाचा रुमाल सोडला. अमित पुढच्या चकरेला नवं कार्ड आणणार होता.

असे अकरा दिवस गेले. एका रविवारी संध्याकाळी सहाव्या दुनियेत, एका कोरड्या विहिरीच्या तळाशी, रोहिणीला छत्रू सापडला. पुंजाराम ड्यूटीवर होते. सोमवारी सकाळी तिच्या नाकातून रक्त थांबेना, म्हणून तिला नाशिक रोडच्या दवाखान्यात दाखल केलं. जाताना तिने बंटीला बजावलं, "मशीनला कोणी हात लावायचा नाही. लावलास तर परत तोंड बघणार नाही तुझं."

"तू तशीही बघत नाहीस, टीव्हीच बघतेस," बंटी म्हणाला.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुंजारामांना बाहेर बोलावलं. चार-पाच दिवसच हातात आहेत, असं ते म्हणाले. पुंजारामांनी मान हलवली, आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला, आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

"पप्पा, छत्रू सापडला," रोहिणी म्हणाली. आवाज खोल गेला होता. "तुम्हाला दाखवायचाय. तिथंच थांबवून ठेवलाय त्याला."

"दाखव की."

"घरी गेल्यावर."

पुंजारामांनी भिंतीवर पाहिलं. खोलीत एक लहान टीव्ही होता. तिला घरी नेता येणार नव्हतं, पण मशीन इथं आणता येईल हे त्यांच्या डोक्यात आलं आणि मग दुसरं काही राहिलं नाही. लेकीला आधी बोलायचं नाही, एकदम समोर ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी सकाळी ते कॉलनीत आले. सुलाबाई दवाखान्यात होत्या. बंटी नववीच्या पेपराला गेला होता. मशीन चालू ठेवायचंय एवढं पुंजारामांना ठाऊक होतं; का, ते कोणी नीट सांगितलं नव्हतं. व्हीसीआरमध्ये कॅसेट जिथं थांबवावी तिथंच राहते, तसंच हे, असं त्यांना वाटत होतं. तरीही पिन उपसण्याआधी त्यांनी सवयीप्रमाणे रुमाल वर केला आणि दिवा पाहिला. दिवा हिरवा होता.

बंदच पडलंय की, ते मनाशी म्हणाले. पोरीने एवढं सांगूनही कोणीतरी बंद केलं. त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी पिन काढली, वायर गुंडाळली, मशीन गादीच्या अभ्र्यात घातलं आणि मांडीवर धरून रिक्षाने दवाखान्यात नेलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्याला "हळू रे बाबा" म्हणत होते.

मशीन पाहून रोहिणी आधी हसली. मग तिचं हसू थांबलं.

"पप्पा, तुम्ही... पिन काढली?"

"आधीच बंद होतं ते, बेटा. मी बघूनच काढली. तुझ्या मम्मीने नाहीतर बंट्याने बंद केलेलं दिसतंय."

"दिवा कुठला होता?"

"हिरवा."

रोहिणीने बापाकडे पाहिलं. सलाइनचा हात तिने पोटावर घेतला.

"हां," ती म्हणाली. "मग बंदच असणार."

तेवढ्यात बंटी पेपर देऊन थेट दवाखान्यात पोचला. दारातून मशीन दिसताच तो जागीच उभा राहिला. "हे इथं कसं? बंद केलं?"

"आधीच बंद पडलं होतं," रोहिणी घाईने म्हणाली. "पप्पा आले त्याच्या आधीच."

बंटीने गुंडाळलेल्या वायरकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला तो पुंजारामांनी पाहिला. ताईसाठी वाईट वाटतंय, असं त्यांनी समजून घेतलं.

सिस्टरने हो-नाही करत परवानगी दिली. बंटीने वायरी जोडल्या. पिन बोर्डात गेली तसा मशीनवर लाल दिवा लागला. बंटीने बटण दाबलं. लाल गेला, हिरवा आला, आणि आतली सीडी फिरायला लागली.

पुंजाराम दिव्याकडे पाहत होते. ते सव्वीस वर्षं दिव्यांकडेच पाहत आले होते. हा समजायला त्यांना दुसऱ्या कोणाची गरज पडली नाही. बाहेरच्या जगातलं यंत्र होतं ते. हिरवा म्हणजे चालू. सकाळी ते चालू होतं. विहिरीच्या तळाशी छत्रू उभा होता, आणि त्यांनी रुमाल वर करून, नीट बघून, खात्री करून पिन ओढली होती.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत होती.

खेळ पहिल्यापासून सुरू झाला. छत्रूपर्यंत पोचायला तीसेक तास लागले असते, आणि तिच्या अंगात अर्ध्या तासाचंही बळ नव्हतं. पण अगदी सुरुवातीला, नाव विचारण्याच्याही आधी, एक दृश्य येतं. छत्रू छत्री उघडतो, मागे वळून हात हलवतो आणि धुक्यातल्या दारातून निघून जातो. वीस सेकंद.

"पप्पा, बघा. इथं दिसतो एकदा. मग खूप वेळ नाही."

"परत लाव," पुंजाराम म्हणाले.

बंटीने मशीन बंद केलं, चालू केलं. छत्री उघडली, हात हलला, छत्रू गेला. गुरुवारी दुपारी हे नऊ वेळा झालं. शुक्रवारी बंटी दुसऱ्या पेपराला गेल्यावर बटण पुंजारामांनी दाबलं. किती वेळा, ते त्यांनी मोजलं नाही. न मोजण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

शुक्रवारी संध्याकाळी खोलीत दोघंच होते. पुंजाराम म्हणाले, "रोहिणी, मशीन मीच बंद केलं."

"माहितेय."

"आमच्याकडे हिरवा म्हणजे..."

"माहितेय पप्पा. लहानपणापासून ऐकतेय." तिने डोळे मिटले. "बंटीला नका सांगू. त्याने इतके दिवस पंखा धरलाय मशीनला. तो तुमच्याशी बोलणार नाही. तुम्हा दोघांना एकाच घरात राहायचंय आता."

पुंजारामांनी शब्द दिला. शनिवारी दुपारी रोहिणी गेली. रविवारी अमित कार्ड घेऊन आला, ते त्याने खिशातून बाहेरच काढलं नाही.

पुंजारामांनी दिलेला शब्द पाळला. जलदान विधीला नातेवाईक जमले, गेले. मशीन माळ्यावर गेलं. बंटीचं बोलणं कमी झालं, पण घरात सगळेच कमी बोलत होते, त्यामुळे त्याचं वेगळं कोणाला जाणवलं नाही. दहावीला तो जेमतेम पास झाला. जून २००८ मध्ये, आणखी एक वर्ष वाया गेल्यावर, पुंजारामांनी आयटीआयचा फॉर्म आणला. इलेक्ट्रिशियन ट्रेड, मग केंद्रात अप्रेंटिस. कॉलनीतल्या निम्म्या पोरांचा हाच रस्ता होता.

"मला नाही करायचं," बंटी म्हणाला.

"मग काय करायचंय?"

"फिटर द्या, वेल्डर द्या. काहीही चालेल. विजेचं नको."

"अरे, विजेवर वाढलास तू! विजेला काय धाड भरली?"

दोन दिवस हेच चाललं. सुलाबाई वैतागल्या. "नसंल करायचं त्याला तं राहू द्या ना. काय लावलंय? जेवू बी देत नाय."

तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजाराम ओट्यावर बसून फॉर्म भरत होते. ट्रेडची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. बंटी बाजूला येऊन उभा राहिला.

"पप्पा, माझ्या हातून पिन हलली होती."

"कसली पिन?"

"ताईच्या मशीनची. त्या गुरुवारी. पेपराला जाताना पंख्याची पिन नीट बसत नव्हती, मी ती दाबली. एकाच बोर्डावर होत्या दोन्ही. तेव्हाच मशीनची सैल झाली असणार. तुम्ही आलात तर बंदच होतं." तो जमिनीकडे बघून बोलत होता, पाठ केल्यासारखं. "ताईला कळलं होतं. म्हणून तर ती काही बोलली नाही मला. एक शब्द नाही. नेहमी किती भांडायची."

पुंजारामांच्या हातातला पेन फॉर्मवर टेकला होता. शाईचा ठिपका पसरत गेला. दोन वर्षं हा पोरगा याच घरात, याच ताटाला बसून जेवत होता.

"तुझ्या हातून काही झालं नाही," ते म्हणाले.

"मला समजवू नका."

"समजवत नाही. मशीन चालू होतं. मी बंद समजलो आणि पिन काढली. मी."

बंटीने वर पाहिलं.

"ताईला?"

"माहीत होतं. पहिल्यापासून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तिनंच नको म्हटलं होतं. तू माझ्याशी बोलणार नाहीस म्हणाली."

बंटी ओट्यावरून उतरून मागच्या नळावर गेला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारायला लागला. मारतच राहिला.

"बंट्या, पाणी चाललं ना वाया! बंद कर," सुलाबाई आतून ओरडल्या.

नळ चालूच होता. पुंजाराम उठून कोपऱ्यापर्यंत गेले. पोराची पाठ हलत होती. त्याच्या खांद्याला हात लावावा असं त्यांना वाटलं, पण ते तिथेच थांबले. आता याला हात लावायचा की नाही, हे सांगणारं समोर काही नव्हतं.