अगदी खाणावळीतल्यासारखं

सुनेचं नाव मासळी आहे हे कळलं, तेव्हा तिलगवतीने फोन कानापासून लांब धरून त्या फोनकडेच रागाने पाहिलं. तसं तिचं खरं नाव पियतिदा. पण थाई लोकांत प्रत्येकाचं एक घरगुती नाव असतं, हिला जन्मापासून सगळे 'प्ला' म्हणतात आणि प्ला म्हणजे मासा, असं मुलगा कोगिलन बँकॉकहून हसत हसत सांगत होता.

"अम्मा, तिच्या मैत्रिणीचं नाव तर कोळंबी आहे. त्यापेक्षा आपली मासळी बरी ना?"

"बरी की वाईट ते शिजल्यावर कळेल," तिलगवती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कोगिलनची बदली घराजवळ, मलेशियातल्या पेनांगला झाली होती. कारखाना बेटावर आणि आईचं घर पुलाच्या अलीकडे, बटरवर्थला. दिवाळीपर्यंत दोघं आईकडे राहणार. जमलं तर कायमचं, नाही जमलं तर बेटावर फ्लॅट घेणार. हे 'नाही जमलं तर' तिलगवतीच्या घशात काट्यासारखं अडकलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा एकुलता एक, आणि तोही इतकी वर्षं परदेशात उपाशी (म्हणजे तिच्या हातचं न खाता). आता तो दारात येऊन पुन्हा पुलापलीकडे गेला असता, तर तिने जगायचं तरी कशासाठी? तिच्या मावसबहिणीचा मुलगा असाच चिनी बायकोच्या हातचं खाऊन खाऊन आईच्या घरी पाहुण्यासारखा यायला लागला होता. पोरगा जातो तो स्वयंपाकघराच्या दारातूनच, याबद्दल तिलगवतीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शेजारच्या रोपियाहने आगीत तेल ओतलं. "अक्का, थाई बायकांच्या हाताला काय चव असते माहितीये? एकदा तिचा तोमयाम पोटात गेला की तुझं सांबार पोरगा ओळखणारसुद्धा नाही."

"माझ्या ओट्यापर्यंत पोचू तर दे तिला," तिलगवती म्हणाली. पण मनातून ती चांगलीच टरकली होती. गुपचूप तिने कोपऱ्यावरच्या तोमयामवाल्याकडून ते आंबट-तिखट सूप शिकून घेतलं, नारळाच्या दुधातली हिरवी करी शिकली, गवती चहाचे गड्डे आणून परसात लावले. सून जे करील ते आपण तिच्याआधी आणि तिच्याहून झणझणीत करून दाखवायचं, असा बेत होता.

सून आली. उंच, हसरी, आल्या आल्या हात जोडून इतकी वाकली की तिलगवतीला क्षणभर आवडलीच. पण तिने स्वतःला वेळीच सावरलं. सुनेला तमिळ येत नव्हतं, म्हणून घरात तिघांचं बोलणं मोडक्यातोडक्या मलयमध्ये चालायचं, आणि प्लाची मलय नवऱ्याने शिकवलेली, म्हणजे मुळातच पांगळी.

पहिल्याच जेवणाला तिलगवतीने तोमयाम पुढे केला. प्लाने चमचाभर तोंडात घातला, भुवया उंचावल्या. "छान आहे! हे मलय लोकांचं काहीतरी असतं का?"

कोगिलनला ठसका लागला. तिलगवतीचा चेहरा उतरला, पण तिचं खरं शस्त्र अजून झाकणाखाली होतं. तिने भेंडी घातलेलं, चिंचेचं, माशाचं कालवण भातावर वाढलं. प्लाने घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास घेतला. मग दोन्ही हात छातीशी धरून ती भारावून म्हणाली, "अम्मा! अगदी खाणावळीतल्यासारखं!"

खाणावळीतल्यासारखं! जिच्या घरी नवऱ्याचे बंदरावरचे साहेबलोक जेवून जायचे, जिने नवऱ्याला जन्मात बाहेरचा घास खाऊ दिला नाही, तिच्या कालवणाला ही कालची पोर खाणावळीचं म्हणते! तिलगवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि वर त्या मासळीने तीनदा भात मागून घेतला, तोही लाज न बाळगता.

मग सुरू झालं युद्ध. म्हणजे तिलगवतीच्या बाजूने सुरू झालं. प्लाला त्याचा पत्ताच नव्हता. तिलगवती रोज पहाटेपासून ओटा अडवून उभी राहायची, की आता ही येईल, आता कढई हिसकावून घेईल. पण सून कसली येते! ती दिवसभर खोलीत बसून लॅपटॉपवर बँकॉकच्या कुठल्याशा कंपनीसाठी चित्रं काढायची आणि स्वयंपाकघरात यायची ती फक्त पाणी प्यायला. संध्याकाळी बाजारातून परतताना तिच्या बोटांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असायच्या. एकीत रस्सा, एकीत नूडल्स, एकीत चक्क चहा. पिशवीतलं जेवण! तिलगवतीने तावातावाने हे रोपियाहला सांगितलं.

"म्हणजे तिला रांधताच येत नाही?" रोपियाहने डोळे विस्फारले.

"अंडंसुद्धा उकडता येत नाही गं. आणि मला नावं ठेवते!"

"अगं मग जिंकलीस की तू."

पण कसलं जिंकणं? लढायला समोर कुणी उभंच नव्हतं. शिवाय तो शब्द रोजचा झाला होता. रसम प्यायली की खाणावळीतल्यासारखं, वांगं खाल्लं की खाणावळीतल्यासारखं. तिलगवतीने मग खाणावळीत जन्मात मिळणार नाही असं घरगुती रांधायला घेतलं: शेवग्याच्या पाल्याचं सपक वरण, बिनतेलाचं कारलं, बाळंतिणीला देतात तो मिरी-लसणाचा काढा. कोगिलन गुपचूप गिळायचा आणि फिरून येतो म्हणून मामकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, हॉटेलात जाऊन रोटी आणि उंचावरून ओढलेला फेसाळ चहा हाणून यायचा. प्ला मात्र एक दिवस थाई खाणावळीत टेबलावर असतो तसा एक छोटा ट्रे घेऊन आली. त्यात साखर, तिखट, मिरच्या घातलेलं व्हिनेगर आणि माशाचं खारं पाणी. तिने ते टेबलाच्या मधोमध मांडलं आणि सांबारात चमचाभर साखर ढवळली.

आमटीत गूळ घालणाऱ्यांनी इथे हवं तर सुनेची बाजू घ्यावी. पण तिलगवतीच्या सांबारात तिच्या सासूनेदेखील कधी बोट घातलं नव्हतं. ती ताटावरून उठली.

"उद्या खाणावळ बंद," ती म्हणाली. एवढंच. आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खरंच चूल पेटली नाही. तिलगवती अंथरुणावर पडून वाट बघत होती, की आता पोरगा येईल, पाया पडेल, सून रडेल. दुपार झाली तेव्हा दार वाजलं. प्ला हसत उभी होती.

"अम्मा, बरं केलंत सुट्टी घेतलीत ते. चांगल्या खाणावळी आठवड्यातून एक दिवस बंद असतातच. चला, आज मी आणलंय."

टेबलावर अख्खा बाजार मांडला होता. नारळाच्या दुधातला भात आणि वाळलेली मासळी, वाफेच्या इडल्या, कच्च्या पपईची थाई कोशिंबीर आणि स्टेशनजवळच्या प्रसिद्ध दुकानातलं माशाचं कालवण. भुकेपुढे तिलगवतीचा राग टिकला नाही, ती बसली. प्लाने ते कालवण चाखलं आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"ह्याने दुकान बंद करावं खरं तर. अम्माचं खाल्ल्यावर हे कसं गिळायचं?"

तिलगवतीचा घास हातातच राहिला. "मग माझ्या कालवणाला खाणावळीचं का म्हणतेस गं, बये?"

प्ला गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली. कोगिलनने कपाळावर हात मारला. इतके दिवस आईचं काय बिनसलंय हे त्याला आत्ता कुठे उमगलं. मग कधी त्याने, कधी तिने असं मिळून सांगितलं. प्लाची आई बँकेत होती. घरी रांधायची वेळ आली की करपलेलं आम्लेट आणि कच्चा भात. त्यांच्या घरात चूलच नव्हती म्हटलं तरी चालेल, गल्लीत कुणाच्याच नव्हती. सगळे बाहेरून आणायचे. कोपऱ्यावर एक म्हातारी बसायची. जन्मभर तिने एकच कालवण केलं. लोक लांबून गाड्या घेऊन यायचे, तिच्या शिव्या खायचे, पण हलायचे नाहीत.

"घरी काय, कुणीही करतं," प्ला म्हणाली. "हाताला खरी चव असली तरच लोक परक्या बाईपुढे रांग लावतात. तुमचं तसं आहे. मी दुसरं काय म्हणत होते?"

आयुष्यभर तिलगवतीने रांधलं आणि सगळ्यांनी खाल्लं, ढेकर दिली, हात धुतले. नवरा तर 'मीठ कमी आहे' याखेरीज कधी काही बोलला नाही. कुणी तिला असं काही म्हणेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला भरून आलं. तिने सुनेच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि लगेच उठून मासे साफ करायला घेतले.

इथेच थांबली असती तर सगळं छान झालं असतं. पण कौतुकाची चटक लागली की बाई थांबते थोडीच! प्लाने कालवणाचा फोटो टाकला, कोगिलनच्या कारखान्यातल्या लोकांनी डबे मागितले, आणि 'एवढेच डबे हं' म्हणत म्हणत दिवाळीच्या आत अंगणात टेबलं लागली. माशाचं कालवण तर होतंच. शिवाय रोपियाहचा नारळ-भात आणि प्लाच्या आग्रहाखातर तो मलय-थाई असा कुणाचाच नसलेला तोमयाम. तो सगळ्यांत जास्त खपायचा. तिलगवती जेवणाऱ्यांवर खेकसायची, ते त्यांना आणखी आवडायचं, आणि आता प्लाच्या फोटोत कालवणाऐवजी, तिच्या गल्लीतल्या त्या म्हातारीसारखी, तिलगवतीच असायची.

फ्लॅटचा विषय प्लानेच कायमचा मिटवला. "मी इथून हलणार नाही," तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं. "अम्माला सोडून? वेड लागलंय का?"

तिलगवतीने देवळात नारळ फोडला. जमलं!

कोगिलनचं मात्र जमेना. बैठकीत कांद्याची पोती आली, त्याच्या पलंगावर तांदळाची. सकाळी पुलावरच्या गर्दीत अडकायचं आणि संध्याकाळी आलं तर भांडी विसळलेली, सगळं संपलेलं. "अरे, उद्या ठेवते हं तुझ्यासाठी," अम्मा रोज म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. उद्या शेवटच्या वाटीला कुणीतरी थेट ताइपिंग गावाहून आलेलं असायचं. कामाच्या दिवसांपुरती म्हणून त्याने कारखान्याजवळ एका मित्रासोबत खोली घेतली. तिलगवती त्या रात्री रडली. पण पहाटे मासे यायचे होते.

एका शनिवारी तो आला. घरासमोर गाड्याच गाड्या, म्हणून आपली गाडी देवळापाशी लावून चालत आला. आत जायच्या वाटेवर टेबलं. "दादा, रांग तिकडून आहे," एकाने दरडावलं, आणि तमाशा नको म्हणून तो रांगेत उभा राहिला. पलीकडे गल्ल्याशी प्ला एकाच वेळी दोघांशी तमिळमध्ये भांडत होती, आणि चांगली भांडत होती. रांग हळूहळू सरकली. मोठ्या पातेल्यामागे अम्मा उभी होती. केस वर बांधलेले, कपाळावर घाम, डाव झपाझप चाललेला. ती बारीक झाली होती, पण दिसत होती दहा वर्षांनी तरुण. तो पुढे आला.

"इथे बसणार की बांधून देऊ?" मान वर न करता तिने विचारलं.

कोगिलनने वाकून पातेल्यात पाहिलं.

"अहो, पटकन सांगा, मागे लोक खोळंबलेत."

"अम्मा, मी आहे."

तिने वर पाहिलं. हातातला डाव तसाच राहिला आणि कालवण ओघळून टेबलावर सांडलं. पोटच्या पोराला आपण 'अहो' म्हणालो, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे माझ्या राजा! तू कशाला रांगेत उभा राहिलास? जा, आत जा, बस. वाढते तुला."

कोगिलनने उघड्या दारातून आत पाहिलं. जेवणाच्या टेबलाभोवती कुठलंसं कुटुंब दाटीवाटीने बसलं होतं, आणि त्याच्या खुर्चीत एक गुबगुबीत पोर दोन्ही हातांनी भात चिवडत होतं.

"आत जागा नाही, अम्मा," तो म्हणाला. "बांधूनच दे."