पाचशे त्र्याहत्तर अंशांवरची परात

परात तडकली. मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत.

आता हे वाक्य मी लिहिलंच नाही असं धरून पुढे जाऊ. आमच्या घरातही सगळे तसंच धरून बसले होते, आणि भट्टी उघडेपर्यंत त्यांना खोटं पाडायची कोणाची सोय नव्हती.

तर परातीला काहीही झालेलं नाही. ती भट्टीत आहे, भट्टी निवते आहे, आणि अकोल्यात मे महिना आहे.

आमच्या बाबांचं, देवीदासचं, कूलरचं दुकान आहे. पत्र्याची बॉडी ते स्वतः ठोकतात, वाळ्याच्या ताट्या स्वतः भरतात. दुकानामागच्या खोलीत माझ्या मोठ्या बहिणीने, रागिणीने, विजेची भट्टी मांडली होती. ती सिरॅमिक शिकून आली तेव्हा अमरावतीतला एक क्लास बंद पडत होता, त्यांच्याकडून ही जुनी भट्टी मिळाली. दाराला एका बाजूने बोटभर फट. वरूडहून संत्री घेऊन निघालेल्या टेम्पोत ती कोपऱ्यात बसून आली, त्यामुळे पहिल्या भाजणीला घरभर संत्र्याचा वास सुटला आणि आईने आत काय शिजतंय ते विचारलं.

खोलीबद्दल बाबांची एकच अट होती. कपबश्या कोणीही करतं. रोडग्यांची कणीक मळता येईल एवढी परात अख्खी काढून दाखवायची. निघाली तर खोली रागिणीची. नाही निघाली तर मृग लागला की उरलेले कूलर खोलीत आणि रागिणी अमरावतीला. तिथे पंचफुलामावशीने एका टाइल्सच्या शोरूममध्ये तिच्यासाठी शब्द टाकला होता. शोरूममध्ये एसी आहे, हे मावशी रोज फोनवर सांगायची. कूलरवाल्याच्या घरी हे रोज सांगायला धैर्य लागतं.

रुंद, सपाट, पातळ. मातीच्या वस्तूला तडकायला यापेक्षा सोयीचा आकार नाही, आणि बाबांना तो पहिल्या झटक्यात सुचला होता. आधीच्या पराती तडकल्याच. त्यांतल्या एकीत आता आमची तुळस आहे, दुसरीत कोणालाच काही ठेवता येत नाही.

असं का होतं, हे रागिणीने बाबांना जेवताना समजावलं होतं. मातीत गारगोटीचा चुरा असतो. पाचशे त्र्याहत्तर अंशांवर तो आपलं रूप बदलतो. आतले कण एकमेकांचे हात सोडत नाहीत, नुसते वळतात. आपण उन्हाळ्यात एका कूलरसमोर ओळीने झोपतो ना, एकाने कूस बदलली की सगळ्यांना बदलावी लागते, तसं. तापताना ओळ एकदम फुगते, निवताना एकदम आखडते. सगळी परात एका वेळी आखडली तर कोणाला कळतही नाही. पण एक काठ आखडला आणि दुसरा अजून फुगलेलाच असला, तर मधे फाटतं.

"मंग सांग ना त्यायले," बाबा म्हणाले, "हळू वळा म्हना."

"ते कोनाचं आयकत नाई, बाबा. आपल्यालेच हळू निववा लागते."

बाबांनी मान डोलावली. त्यांना पटलं होतं. पुढचं सगळं त्या पटण्यातून झालं.

त्या दिवशी भाजणी संपून भट्टी उतरणीला लागली होती. रागिणी रात्रभर जागी होती. आकडा सहाशेच्या जवळ आला तेव्हा तिने सगळ्यांना बजावलं की खोलीत कोणीही जायचं नाही, आणि ती जरा आडवी झाली. बाबा खोलीत गेले नाहीत. ते शब्दाचे पक्के आहेत. त्यांनी बाहेरून खिडकीला कूलर लावला.

यात त्यांचं काही चुकलं असं अकोल्यात कोणी म्हणणार नाही. इथे तापलेल्या वस्तूला कूलर लावतात. पाहुण्याला लावतात, आजाऱ्याला लावतात. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर तापला तर त्यालाही लावला होता, आणि तो लावायला बाबाच गेले होते. आता पोरीची भट्टी आत एकटी तापून राहिली आहे आणि आपण बाहेर तीस कूलर घेऊन बसलो आहोत, हे कोणत्या बापाला बघवेल? शिवाय 'हळू' हा शब्द त्यांनी नीट लक्षात ठेवला होता. कूलर एकच्या स्पीडवर होता.

एरवी भट्टीच्या दाराच्या फटीतून ऊब बाहेर यायची. त्या दुपारी वाळ्याच्या वासाचा गार वारा आत गेला.

रागिणी कूलरच्या आवाजाने उठली. ती धावली, बटण बंद केलं आणि आकडा पाहिला. पाचशे त्र्याहत्तर कधीच मागे पडले होते. तिने फटीत ब्लँकेट खुपसलं आणि भट्टीसमोर जमिनीवर बसली.

मग आईने आठवण काढली की मघाशी 'टन्न' असा आवाज आला होता. बेसिनमध्ये वाटी पडली असेल, असं तिचं मत पडलं. मी म्हणालो, शेजाऱ्यांची सायकल. बाबांनी तो आवाज ऐकलाच नव्हता, आणि ऐकला नसल्याचं त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

करण्यासारखं काही नव्हतं. भट्टी उघडली तर परात नक्की तडकणार. नाही उघडली तर बहुतेक तडकलेलीच आहे. रागिणी बसून राहिली, बाबा उंबऱ्याबाहेर बसून राहिले, मधे भट्टी आपल्या मर्जीने निवत राहिली. मावशीचा फोन आला तर कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं. रंग सुरेख आला होता, पिकत आलेल्या लिंबाचा. आणि परातीचे दोन तुकडे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसले होते.

बाबांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "चढताना फुटली का उतरताना?"

एवढं शास्त्र त्यांना आता येत होतं. भट्टी चढताना परात तडकली असेल तर वर दिलेला काचेचा लेप नंतर वितळून कडेवर उतरतो, कड गुळगुळीत होते. उतरताना तडकली तर कड धारदार राहते. चढताना म्हणजे रागिणीची चूक. उतरताना म्हणजे कूलर.

रागिणीने कडेवरून बोट फिरवलं. बोटातून रक्त आलं. तिने ते ओढणीत गुंडाळलं.

"चढताना," ती म्हणाली. "तुमच्या कूलरच्या आधीच."

बाबा आत आले. "नीट पाह्य. उतरताना असन."

"चढताना हाये, बाबा."

"माह्याच कूलरनं फुटली, बाई. म्या लावला ना तो. मी म्हनतो तशी हो म्हन, अन् दुसरी परात कर. खोली कुठी पळून चालली का?"

"तुमचा कूलर एकवर होता. त्यानं काय होते."

मी घरात भांडणं पुष्कळ पाहिली आहेत, पण आरोपी आपला गुन्हा मान्य व्हावा म्हणून विनवतो आहे आणि फिर्यादी त्याला निर्दोष सोडतो आहे, असं पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी कड चाचपायला हात पुढे केला तर रागिणीने दोन्ही तुकडे उचलून पोटाशी धरले. बाबांना स्वतःचा शब्द मोडता येत नव्हता, आणि मोडायला एकच कारण होतं, तेही पोरगी देत नव्हती. आई मधे पडली नाही. तिने फक्त रागिणीच्या बोटाला हळद लावली आणि हे कशाने कापलं ते विचारलं नाही.

आता रागिणीची बॅग भरलेली आहे. दोन कूलर खोलीच्या दाराशी येऊन थांबले आहेत. बाबा ते आत सरकवत नाहीत आणि रागिणी भट्टीची वायर काढत नाही. माझं दोघांपुढे काही चालत नाही, म्हणून मी वरच्या पातळीवर लिहितो.

प्रति, माननीय सक्षम प्राधिकारी, गारगोटी रूपांतर विभाग, यांसी:

अर्जदार कुंदन देवीदास, राहणार अकोला, सविनय विनंती करतो की, पाचशे त्र्याहत्तर अंशांवर घडणारे रूपांतर सदर शहरापुरते व त्या एका दुपारपुरते पूर्वलक्षी प्रभावाने तहकूब करण्यात यावे. ते शक्य नसल्यास, परात चढतानाही तडकली आणि उतरतानाही तडकली, असे दोन्ही पक्षांचे म्हणणे एकाच वेळी ग्राह्य धरावे, आणि निकाल लागेपर्यंत सदर खोलीतून भट्टी हलविण्यास स्थगिती द्यावी, ही नम्र विनंती.